लहान वृद्धनिवासांची पारख : इंग्लंडमधील तपासणीच्या कसोट्यांचा इतिहास

वृद्ध आप्ताला एखाद्या निवासगृहात ठेवावे की नाही, असा प्रश्न ज्या कुटुंबापुढे येतो, त्यातील कोणीतरी आधी ते गृह पाहून येतो. खोलीत उजेड आहे काय, जिन्याला कठडा आहे काय, स्वयंपाकघरातून कसला वास येतो, दिवाणखान्यात बसलेली माणसे एकमेकांशी बोलतात की भिंतीकडे पाहत असतात, व्यवस्था पाहणाऱ्या बाई आपल्याशी ज्या स्वरात बोलतात त्याच स्वरात तेथील म्हाताऱ्या माणसांशीही बोलतात काय, हे सारे तो पाहतो आणि घरी येऊन सांगतो. ही पारख कोठेही लिहून ठेवली जात नाही. त्याच गृहाला शासनाचा निरीक्षकही भेट देतो. त्याच्याजवळ छापील नमुना असतो, मोजण्याची फीत असते आणि त्याचा अहवाल दप्तरात जपून ठेवला जातो. साहजिकच इतिहासाच्या अभ्यासकाच्या हाती लागतो तो हा दुसरा अहवाल, आणि वृद्धनिवासांचा जो इतिहास आजवर लिहिला गेला तो बव्हंशी या दुसऱ्या डोळ्यांनी पाहिलेला आहे.

या दोन पारखींचा परस्परसंबंध इंग्लंडच्या इतिहासात जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल. म्हणून प्रस्तुत विवेचन मुख्यतः त्या देशापुरते ठेवले आहे. आपल्याकडे रूढ असलेला ‘वृद्धाश्रम’ हा शब्द येथे मुद्दामच टाळला आहे. ‘आश्रम’ या शब्दाला चिकटलेली निवृत्तीची व स्वेच्छेची छटा ज्या संस्थांविषयी येथे लिहावयाचे आहे त्यांना मुळीच लागू पडत नाही.

इंग्लंडमध्ये निराधार वृद्धांच्या निवासाची देखरेख शासनाने पद्धतशीरपणे हाती घेतली ती १८३४ च्या दरिद्री-साहाय्याच्या सुधारित कायद्याने. या कायद्याने ‘वर्कहाऊस’ ही संस्था देशभर पसरली. येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. या संस्थांच्या तपासणीचा मूळ हेतू आतील माणसांना सुख लाभते की नाही हे पाहण्याचा नव्हता, किंबहुना तो याच्या उलट होता. वर्कहाऊसमधील माणसाची स्थिती बाहेर मजुरी करून जगणाऱ्या हलक्यातल्या हलक्या मजुरापेक्षा बरी असता कामा नये, हे त्या कायद्याचे अधिष्ठान होते. त्यामुळे आहाराचे तक्ते पाळले जातात काय, स्त्रीपुरुषांना वेगळे ठेवले जाते काय, हिशेब चोख आहेत काय, हे पाहणे म्हणजे तपासणी. १८४५ मध्ये अँडोव्हर येथील वर्कहाऊसमध्ये खतासाठी हाडे फोडण्याच्या कामावर लावलेली माणसे भुकेपोटी त्या हाडांना चिकटलेले कूर्चेचे तुकडे खातात, असे उघडकीस आले. हे वर्कहाऊस नियमांच्या कडक अंमलबजावणीसाठी नावाजलेले होते. म्हणजे कागदोपत्री जे उत्तम ठरावे तेच प्रत्यक्षात सर्वांत वाईट ठरले. पार्लमेंटच्या चौकशीनंतर १८४७ मध्ये मूळचे आयुक्तमंडळ मोडून नवे मंडळ नेमण्यात आले, आणि त्याच वर्षी साठ वर्षांवरील पतिपत्नींना एकमेकांपासून वेगळे राहण्याची सक्ती करू नये अशी तरतूद झाली. वृद्धांच्या बाबतीत कायद्याने मान्य केलेली ही पहिलीच खाजगी गोष्ट म्हणावयास हरकत नाही.

आप्ताच्या नजरेने वर्कहाऊस पाहिले गेले ते त्यानंतर काही वर्षांनी, आणि तेही योगायोगाने. १८५३ मध्ये लुइझा ट्वायनिंग ही सधन कुटुंबातील स्त्री लंडनमधील स्ट्रँड येथील वर्कहाऊसमध्ये गेली ती कोणत्याही चळवळीसाठी नव्हे. तिच्या कुटुंबाच्या ओळखीची एक वृद्ध परिचारिका तेथे राहावयास गेली होती, तिला भेटण्यासाठी ती गेली. आजारी म्हाताऱ्यांची शुश्रूषा तितक्याच म्हाताऱ्या, अशिक्षित सहनिवासी करीत आहेत, भेटावयास येणारे कोणी नाही, हातांना काम नाही, हे तिने पाहिले. स्त्रियांनी नियमितपणे भेटी द्याव्यात ही तिची विनंती वरिष्ठ मंडळाने प्रथम नाकारली. कारण उघड होते : भेट देणारी स्त्री ही कोणत्याही नियमाला बांधलेली नसते, आणि ती काय पाहील हे आधी ठरविता येत नाही. पुढे १८५८ मध्ये तिने भेटकर्त्यांची संस्था स्थापन केली, परंतु स्त्रियांच्या भेट-समित्या नेमण्यास अधिकृत परवानगी मिळावयास १८९३ साल उजाडावे लागले.

दरम्यान १८६५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने लंडनमधील वर्कहाऊसांच्या रुग्णालयांची पाहणी करविली. ती फार मोलाची होती, तिच्यामुळेच १८६७ चा राजधानीपुरता सुधारणा-कायदा झाला. तथापि या पाहणीने तपासणीच्या भाषेत एक नवी सवय रूढ केली. प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला किती घनफूट हवा येते, हा हिशेब आता चांगल्यावाईटाचा निकष झाला. हवा मोजणे आवश्यकच होते, साथीच्या रोगांच्या त्या काळात तर ते जीवनमरणाचे होते. परंतु जे मोजता येते त्याचे वजन न मोजता येणाऱ्यापेक्षा अधिक, हा संस्कार येथून पुढे निरीक्षकांच्या मनावर कायमचा राहिला. १८९० नंतरच्या काही वर्षांत वृद्ध पुरुषांना तंबाखू आणि वृद्ध स्त्रियांना कोरडा चहा, साखर व दूध देण्याची मुभा मिळाली. चहा कोरडाच देण्यात मर्म होते. तयार केलेला चहा ठराविक घंटेला सर्वांना मिळतच असे. कोरडी पत्ती मिळाली म्हणजे म्हातारीला तो आपल्या वेळी, आपल्याला हवा तसा करता येई. वर्कहाऊसच्या प्रचंड दप्तरात ही बाब फार थोड्या ओळी अडविते, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने घनफुटांच्या तक्त्यांहून ती महत्त्वाची आहे.

१९०९ च्या जानेवारीपासून सत्तरी ओलांडलेल्यांना आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत निवृत्तिवेतन मिळू लागले, आणि १९३० मध्ये स्थानिक पालकमंडळे जाऊन वर्कहाऊसे काउंटींकडे आली. नाव बदलले, इमारती त्याच राहिल्या. खाजगी शुश्रूषागृहांची नोंदणी व तपासणी १९२७ च्या कायद्याने सुरू झाली होती. १९४३ मध्ये ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये एका भेटकर्त्याचे पत्र छापून आले. अशा संस्थेत राहणाऱ्या एका वृद्ध स्त्रीच्या दिनक्रमाचे वर्णन त्यात होते, आणि युद्धाच्या धामधुमीतही त्याने लोकमत ढवळून निघाले. ट्वायनिंगनंतर नव्वद वर्षांनी पुन्हा एकदा अधिकृत अहवालाने न केलेले काम एका भेटीने केले. सीबोम राऊन्ट्री यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४७ मध्ये वृद्धांविषयी जो अहवाल प्रसिद्ध केला त्यात मोठ्या संस्थांऐवजी लहान गृहांचा पुरस्कार होता.

१९४८ चा राष्ट्रीय साहाय्य कायदा ५ जुलैपासून अमलात आला. तो मांडताना आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांनी पंचवीस-तीस वृद्धांच्या लहान गृहांचे चित्र उभे केले. सुखवस्तू माणूस उतारवयात एखाद्या निवासी हॉटेलात जाऊन राहतो, त्याप्रमाणे कोणाही वृद्धाने भाडे देऊन तेथे राहावे, अशी ती कल्पना होती. भाड्याची किमान रक्कम आठवड्याला एकवीस शिलिंग ठरली. निवृत्तिवेतन सव्वीस शिलिंग होते, तेव्हा पाच शिलिंग हातखर्चाला उरत. दान घेणारा वृद्ध आता भाडेकरू झाला, ही या हिशेबातील खरी क्रांती होय. आपण पैसे मोजतो तेव्हा विचारण्याचा अधिकारही आपल्याला असतो, ही भावना एकवीस शिलिंगांनी विकत घेतली जावी असा बेव्हन यांचा मनोदय होता.

या चित्रात ‘लहान’ हा शब्द मध्यवर्ती होता, आणि येथेच थोडे थांबून विचार करणे जरूर आहे. वर्कहाऊस प्रचंड होते आणि वाईट होते, म्हणून जे लहान ते चांगले, असे अनुमान त्या काळी जवळजवळ सर्वांनीच केले. ते समजण्याजोगे आहे, परंतु तर्कदृष्ट्या लंगडे आहे. लहान गृह घरासारखे असते हे खरे. पण घरासारखे म्हणजे कोणाच्या घरासारखे? ज्या गृहात आठदहा माणसे राहतात तेथे चालकाचा स्वभाव हाच कायदा असतो. एखाद्या सहनिवाशाशी पटले नाही तर दुसऱ्या दालनात जाऊन बसण्याची सोय नसते. रात्री एकच माणूस जागा असतो, कधी तोही नसतो. तक्रार करावयाची झाली तर ती कोणी केली हे संध्याकाळपर्यंत सर्वांना कळते. मोठ्या संस्थेतील माणूस संख्येत हरवतो, लहान संस्थेतील माणसाला लपावयास जागा नसते. याउलट चालक सहृदय असेल तर लहान गृहात जे सुख मिळते ते मोठ्या संस्थेत कितीही नियम केले तरी मिळत नाही, हेही तितकेच खरे. तात्पर्य, आकाराने गुणाची हमी मिळत नाही, गुणदोष मात्र दोन्ही अधिक ठळक होतात. १९४८ च्या कायद्याच्या ३७ व्या कलमाने खाजगी व धर्मादाय गृहांना नोंदणी सक्तीची केली. चालक अयोग्य असणे, जागा अयोग्य असणे आणि वाजवी सोयी नसणे, ही नोंदणी नाकारण्याची कारणे ठरली. चौथे कारण, म्हणजे आत राहणाऱ्याला आपला दिवस आपल्या मनाप्रमाणे घालविता येत नाही हे, त्या यादीत नव्हते.

हे चौथे कारण शास्त्रशुद्ध रीतीने पुढे मांडण्याचे श्रेय पीटर टाउनसेन्ड या समाजशास्त्रज्ञाकडे जाते. लंडनमधील बेथनल ग्रीन या श्रमिक वस्तीतील वृद्धांच्या कुटुंबजीवनाविषयीचे त्याचे पुस्तक १९५७ मध्ये निघाले होते. त्यामुळे निवासगृहांकडे तो वळला तेव्हा त्याच्या मनातील तुलनेचे माप म्हणजे म्हातारीचे स्वतःचे घर, लेकीचे शेजार आणि ओळखीची गल्ली हे होते. याआधीच्या बहुतेक निरीक्षकांच्या मनात तुलनेला वर्कहाऊस असे. वर्कहाऊसशी तुलना केली की कोणतेही नवे गृह चांगलेच दिसते, घराशी केली की ते तसे राहत नाही. टाउनसेन्डच्या यशाचे निम्मे रहस्य या एका निवडीत आहे असे आम्हास वाटते.

१९५८-५९ मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी इंग्लंड व वेल्समधील १७३ गृहांना भेटी दिल्या : ३९ पूर्वाश्रमीची वर्कहाऊसे, स्थानिक शासनांची इतर ५३ गृहे, ३९ धर्मादाय आणि ४२ खाजगी. कायदा होऊन दहा वर्षे झाली तरी वर्कहाऊसच्या इमारती वापरातच होत्या, हे पहिल्या आकड्यावरूनच कळते. चालकांशी व वृद्धांशी स्वतंत्रपणे बोलणे, नव्याने दाखल झालेल्यांच्या सविस्तर मुलाखती घेणे, छायाचित्रे काढणे, आणि एका जुन्या संस्थेत काही दिवस स्वतः परिचारकाचे काम करणे, असा त्याचा क्रम होता. १९६२ मध्ये ‘द लास्ट रेफ्यूज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या ग्रंथातील ज्या भागाकडे विद्यार्थ्यांचे सहसा लक्ष जात नाही तो म्हणजे गृहांना गुण देण्याची पद्धत. टाउनसेन्डने चाळीस बाबींची सूची केली आणि त्यांचे पाच गट पाडले : इमारतीतील सोयी, सेवकवर्ग व सेवा, हातांना उद्योग, दैनंदिन जीवनातील स्वातंत्र्य आणि सामाजिक संबंध. पहिले दोन गट जुन्याच तपासणीचे आहेत. उरलेले तीन मात्र भेटीस आलेल्या आप्ताच्या प्रश्नांना अधिकृत सूचीत जागा देतात. सकाळी केव्हा उठावयाचे व रात्री केव्हा निजावयाचे हे कोण ठरवितो? पाहुण्याने वेळ पाहून यावे लागते काय? स्वतःची खुर्ची किंवा कपाट बरोबर आणता येते काय? ट्वायनिंगने जे पाहिले आणि कोरड्या चहाने जे अर्धवट मान्य केले, ते येथे प्रथमच आकड्यांत उतरले. आकड्यांत उतरल्याने त्याचे काही हरवलेही असेल. गुण देणारा शेवटी पाहुणाच असतो, आणि पाहुणा येणार म्हणून कोठलेही घर आवरून ठेवले जाते. परंतु निरीक्षकांच्या नमुन्याला त्याच्याच भाषेत उत्तर देण्याला त्या काळी दुसरा मार्ग नव्हता.

टाउनसेन्डचे निष्कर्ष कठोर होते. अनेक वृद्ध गृहात आले होते ते शरीर थकले म्हणून नव्हे. घर सुटले, जोडीदार गेला, मूलबाळ नव्हते, किंवा रुग्णालयाने खाट रिकामी करून मागितली म्हणून ते आले होते. थोडी मदत मिळती तर त्यांतील पुष्कळांना आपल्या घरीच राहता आले असते. आत आल्यावर उद्योग गेला, आप्तांशी व मित्रांशी संबंध विरळ झाले, सहनिवाशांशी जवळीक निर्माण झाली नाही, आणि स्वतःचे स्वतः ठरविण्याची सवयच मोडली. लहान वा मोठ्या, कोणत्याच आकाराच्या गृहाला त्याने यातून सूट दिली नाही. अशी सामुदायिक निवासगृहे हळूहळू बंद करून घरपोच सेवा व संरक्षित घरकुले यांवर भर द्यावा, ही त्याची शिफारस होती. ती अमलात आली नाही, उलट पुढील पंचवीस वर्षांत गृहांची संख्या वाढतच गेली.

ही वाढ प्रामुख्याने खाजगी क्षेत्रातील होती. १९८० नंतर अल्प उत्पन्नाच्या वृद्धांचे खाजगी गृहातील शुल्क शासकीय निर्वाहसाहाय्यातून भरले जाऊ लागले, तेव्हा समुद्रकिनाऱ्यावरील गावांतून जुनी भोजननिवासगृहे झपाट्याने वृद्धनिवासे बनली. १९८४ च्या नोंदणी-कायद्याने त्यांना एका चौकटीत आणले, पण चारांहून कमी वृद्ध ज्या गृहात राहतात त्याला नोंदणीची गरज नाही अशी सूट ठेवली. दोन-तीन म्हाताऱ्यांना आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबाच्या दारात निरीक्षक कशाला, असा विचार त्यामागे असावा. ‘लहान ते घरासारखे’ हे १९४८ चे अनुमान येथे कायद्याच्या रूपाने टोकाला पोहोचले : सर्वांत लहान गृह सर्वांत अदृश्य झाले. ही सूट काढून टाकण्यासाठी १९९१ मध्ये दुरुस्ती करावी लागली, ती १९९३ मध्ये अमलात आली, आणि तीतही लहान गृहांसाठीच्या अटी सौम्यच होत्या.

याच काळात दुसऱ्या बाजूने टाउनसेन्डची भाषा शासनाने आपलीशी केलेली दिसते. १९८४ मध्ये ‘होम लाइफ’ ही आचारसंहिता निघाली. १९८९ च्या शासकीय मार्गदर्शिकेत खाजगीपणा, प्रतिष्ठा, स्वावलंबन, निवड, हक्क आणि कृतार्थता ही सहा मूल्ये तपासणीचा पाया म्हणून दिली गेली. शब्द सुंदर होते. परंतु २००० च्या कायद्याखाली १ एप्रिल २००२ पासून जी ३८ किमान मानके लागू झाली, त्यांवरून सर्वांत मोठे वादळ उठले ते खोलीच्या मापावरून. नव्या एकेरी खोलीला बारा चौरस मीटर आणि जुनीला निदान दहा चौरस मीटर जागा हवी, असा दंडक होता. जुन्या घरांतून चालणाऱ्या लहान गृहांना भिंती पाडल्याशिवाय तो पाळणे शक्य नव्हते. चालकांनी गृहे बंद करावी लागतील असे सांगितले, आणि २००३ मध्ये जुन्या गृहांपुरती ही अट सैल करण्यात आली. फीत पुन्हा बाहेर आली होती.

असे वारंवार का घडते? निरीक्षकांच्या कोत्या दृष्टीला दोष देणे सोपे आहे, पण कारण अधिक खोल आहे. नोंदणी रद्द करणे म्हणजे एखाद्याची उपजीविका काढून घेणे होय, आणि त्याविरुद्ध न्यायाधिकरणापुढे दाद मागता येते. तेथे टिकेल असा पुरावा हवा. खोली साडेनऊ चौरस मीटर आहे हे सिद्ध करता येते. चालकबाई म्हातारीशी लहान मुलाशी बोलावे तसे बोलतात, हे सिद्ध करणे कठीण. म्हणून प्रत्येक घोटाळ्यानंतर कायदा कडक झाला की तो भिंतींबाबतच अधिक कडक होतो. आप्ताला यातील काहीच सिद्ध करावयाचे नसते. त्याला फक्त ठरवावयाचे असते, आणि म्हणूनच त्याची नजर अधिक मोकळी राहते.

२००९ मध्ये इंग्लंडमधील तपासणी एका नव्या आयोगाकडे आली. आधीच्या यंत्रणेने २००८ मध्ये सुरू केलेली तारांकित श्रेणी २०१० मध्ये बंद झाली, आणि २०१४ पर्यंत गृह निवडणाऱ्या कुटुंबापुढे कोणतीच अधिकृत श्रेणी नव्हती. त्यानंतर पाच प्रश्न ठरले : गृह सुरक्षित आहे काय, परिणामकारक आहे काय, तेथे माया आहे काय, गरजेला प्रतिसाद मिळतो काय, आणि व्यवस्थापन चांगले आहे काय. तिसऱ्या प्रश्नासाठी वापरलेल्या इंग्रजी शब्दाला आम्ही ‘माया’ हा शब्द योजला आहे, ‘काळजी’ने तो अर्थ पुरता येत नाही. तपासणीच्या चमूत ज्यांनी स्वतः अशी सेवा घेतली आहे किंवा ज्यांचे आप्त अशा गृहात राहिले आहेत त्यांनाही घेतले जाऊ लागले. ट्वायनिंगला ज्या दारावर अडविले गेले होते त्या दारातून भेटकर्ता आता निरीक्षकाबरोबर आत जाऊ लागला.

भारतात हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत फार उशिरा आला. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाविषयीच्या २००७ च्या अधिनियमाचे १९ वे कलम प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, आणि किमान १५० निराधार वृद्धांना सामावून घेणारे गृह राज्यांनी टप्प्याटप्प्याने स्थापावे असे सांगते. बेव्हन यांची पंचवीस-तीस ही कमाल मर्यादा होती, आपली दीडशे ही किमान आहे. निराधारांची संख्या पाहता हा फरक समजण्याजोगा आहे, पण शुल्क घेणाऱ्या लहान खाजगी गृहांविषयी त्या कलमातून मार्गदर्शन मिळत नाही. अशा गृहांची नोंदणी व किमान मानके यांचा समावेश असलेले दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, सतराव्या लोकसभेच्या मुदतीत ते संमत झाले नाही.

शेवटी साधनांविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. टाउनसेन्डने प्रत्येक गृहाचे टिपण, मुलाखती व छायाचित्रे जपून ठेवली आणि ती एसेक्स विद्यापीठाच्या संग्रहात गेली. त्यामुळेच ज्यूलिया जॉन्सन, शीना रोल्फ आणि रँडल स्मिथ यांना सुमारे अर्धशतकानंतर स्वयंसेवकांच्या मदतीने त्या १७३ गृहांचा माग काढता आला, आणि त्यांतील टिकून राहिलेल्या वीस गृहांना पुन्हा भेट देऊन २०१० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध करता आला. महाराष्ट्रातील लहान वृद्धनिवासांबाबत असा संग्रह करावयाचा झाल्यास वार्षिक अहवालांपाशी थांबून चालणार नाही, लहान गृहे ते बहुधा छापतच नाहीत. प्रवेशाच्या वेळी कुटुंबाकडून भरून घेतलेले अर्ज, शुल्काच्या पावत्या, औषधांच्या वह्या, रात्रपाळीच्या नोंदी, दाराशी ठेवलेली अभिप्रायवही आणि भेटीस येणाऱ्यांची सह्यांची वही, ही तेथील खरी कागदपत्रे होत. शेवटच्या वहीत कोणाच्या नावापुढे सही दर रविवारी आहे, कोणाच्या नावापुढे दिवाळीपुरती, आणि कोणाचे नाव त्या स्तंभात कधीच आलेले नाही, हे तारखांनिशी असते. गृह बंद पडले की ती सर्वांत आधी रद्दीत जाते, म्हणून प्रथम मागावयाची ती हीच.